फेरफारवाले अण्णा

कुठली मालिका सध्या कुणाच्या कब्जात आहे, हे आमच्या सोसायटीत कुणी गूगलला विचारत नाही. अण्णांना विचारतात. अण्णा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. निवृत्तीनंतर मुलाकडे वाकडला आले. दप्तराचा चार्ज देऊन आले, पण खोड बरोबर आणली. जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत ते मालिकांचे फेरफार नोंदवतात.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चं पान त्यांनी मला उघडून दाखवलं. मूळ मालक : एचबीओ. कब्जेदार : हॉटस्टार. पुढे लाल शाईत : ‘दि. ३१ मार्च २०२३, मुदत संपली, कब्जा सोडला.’ खाली नवा कब्जेदार, जिओसिनेमा. त्याच्याही खाली : ‘दि. १४ फेब्रुवारी २०२५, जिओसिनेमा व हॉटस्टार एक झाले. नाव जिओहॉटस्टार.’

“म्हणजे अण्णा, फिरून तिथंच?”

“तिथंच कसं? गट तोच, खातेदार बदलला. वसुली नव्यानं.”

आयपीएलचं पान मात्र ते कौतुकानं दाखवतात. २०२२ च्या लिलावात भारतातल्या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाची वाटणी झाली. टीव्हीचा हिस्सा स्टारला गेला. मोबाइलचा वायकॉम १८ नं घेतला, वीस हजार कोटींच्या वर मोजून. षटकार एकच, पण तो दिवाणखान्यात बघितला तर एकाचा आणि खिशातून काढून बघितला तर दुसऱ्याचा. मग २०२४ च्या नोव्हेंबरात ही दोन्ही घराणी एकत्र आली आणि अण्णांना पानावर ‘सामाईक’ असा शेरा मारावा लागला. “खातेफोड करून पुन्हा एका चुलीवर आलेली भावकी,” ते म्हणाले, “उभ्या नोकरीत बघितली नव्हती.”

माणसं चिडून येतात. निम्मी बघून झालेली मालिका रातोरात गायब झालेली असते. “वर्षाचे पैसे भरलेत हो मी!”

“भरलेत ना. ते खंडाचे. खरेदीखत कुठाय?”

एवढ्यावर माणूस गप्प होतो. ‘विकत घेतलेल्या’ सिनेमाचंही तेच, असं अण्णा वर ऐकवतात. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आला : डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून खपवायचा असेल, तर गिऱ्हाइकाला मिळतो तो नुसता वापराचा परवाना, हे आधी स्पष्ट सांगायचं. ही बातमी वाचून अण्णांचा चेहरा उजळला. “आपल्यातला कुणीतरी तिकडं बदलीवर गेला असणार.”

स्वतःवर आलं तेव्हा मात्र अण्णांचा कायदा थोडा वाकला. ते बघत ते जावयाच्या नेटफ्लिक्सवर. २०२३ च्या जुलैत कंपनीनं भारतातही एका घराचं खातं दुसऱ्या घरात चालवणं बंद केलं. अण्णांनी वहिवाटीचा हक्क सांगितला. बारा वर्षं बिनतक्रार कब्जा असला की झालं, असं त्यांचं म्हणणं. जावयानं शांतपणे हिशेब मांडला : नेटफ्लिक्स भारतात आलंच मुळी २०१६ च्या जानेवारीत, बारा वर्षं भरणार २०२८ ला. “साडेसात वर्षांतच उठवलं,” अण्णा आजही कळवळून सांगतात. आपलं लग्न मोडल्यासारखं सांगतात, पण जावयाशी बोलतात.

गेल्या गणपतीत पोरांनी मंडपात पडदा लावला. प्रोजेक्टर आला, लॅपटॉप आला, चिवड्याच्या पुड्या वाटून झाल्या. कुणाच्या तरी खात्यावरून सिनेमा सुरू होणार, तेवढ्यात अण्णा उठले. खात्याच्या अटीत ‘वैयक्तिक वापरासाठी’ असं आहे, सार्वजनिक प्रदर्शनाला मालकाची परवानगी लागते, आहे का? नव्हती. पोरं हिरमुसली. आता जमलेल्या बायाबापड्यांना दाखवायचं काय? सेक्रेटरींनी तोडगा काढला : त्यांच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर तयार होता. घरचंच कार्य, घरचीच माणसं.

अण्णांनी चष्मा पुसला. “चालेल. १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूनं आहे. दुसरा करार नसेल, तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फिल्मची मालकी काढून घेणाऱ्याची. फोटोग्राफरला पैसे दिलेत ना?”

सेक्रेटरी वहिनींकडे बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हटलं होतं, देऊन टाका.”