आपला काही संबंध नसताना शिक्षा कशी करावी

सर्वप्रथम पात्रता तपासावी. ज्याचा पाय तुडवला गेला, ज्याच्या दारात कचरा पडला, त्याने चिडणे हा साधा व्यवहार. त्यात कौशल्य ते काय? या विद्येचा खरा अधिकारी तो, ज्याचे पै-पैशाचेही नुकसान झालेले नाही. रायपूरच्या बूढापाऱ्यात सरावाला उत्तम जागा म्हणजे बूढा तलावाचा काठ. कागदोपत्री ते विवेकानंद सरोवर, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव. संध्याकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि कोणीतरी निर्माल्याची पिशवी घेऊन येतोच: काळी, पातळ, तोंडाला घट्ट गाठ, आत कुजके झेंडू, उदबत्तीचे रिकामे पुडे आणि लाल कापडाचा तुकडा. पाण्यात पडल्यावर ती लगेच बुडत नाही, हवेमुळे थोडा वेळ तरंगते. तेवढाच तुमचा मुहूर्त. त्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगण्याची घोडचूक करू नये. आधी चार डोकी वळतील असा खणखणीत ‘ओ भैया’ टाकावा, मग पर्यावरण, धर्म आणि आईवडिलांचे संस्कार या क्रमाने चढत जावे.

या विद्येला प्रयोगशाळेचा आधार आहे. अर्न्स्ट फेर आणि उर्स फिशबाखर यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाकडे 100 गुण होते, दुसऱ्याकडे शून्य, आणि तिसरा तिऱ्हाईत 50 गुण घेऊन नुसता बघत होता. पहिल्याने दुसऱ्याला किती द्यायचे, ही त्याची मर्जी. तिऱ्हाइताने पदरचा एक गुण खर्चला की पहिल्याचे तीन कापले जात. वाटणी निम्म्याहून कमी झाली की साधारण 60 टक्के तिऱ्हाईत पदरमोड करून कापत होते. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणूसजात इथे एवढी उदार का होते? 2016 मध्ये जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शिक्षा करणाऱ्यावर लोक जास्त विश्वास टाकतात. म्हणजे घातलेला गुण वाया जात नाही, पत म्हणून परत येतो. मात्र त्याच प्रयोगात एक धोकाही दिसला. थेट मदत करून भलेपणा दाखवण्याची सोय असली की शिक्षेचा भाव पडतो. तेव्हा नियम पक्का लक्षात ठेवा: काठी घेऊन पिशवी स्वतः बाहेर काढू नका. त्या एका कृतीने तुमचे सगळे भाषण फुकट जाईल.

गुन्हा कोणता निवडावा? शक्यतो लहान, आणि करणारा एकटा असावा. तलावात नाल्याचे पाणी मिसळत असेल तर त्यावर ओरडून उपयोग नाही. नाला मान खाली घालत नाही. निवडीचा आदर्श पाठ पुण्याने 1890 मध्येच घालून दिला आहे. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घोट घेतला, कोणी शिष्टाचारापुरता पेला हातात धरला. हा सगळा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी यांनीच मग हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. टिळक आणि रानडे दोघेही एकाच यादीत! ज्यांनी तो चहा प्यायला नव्हता आणि ज्यांच्या घरची कपबशीही विटाळली नव्हती, ते सनातनी शंकराचार्यांकडे गेले, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले, चौकशी मंडळ बसले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले; रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना धारेवर धरले. एका पेल्यावर दोन्ही बाजूंच्या तिऱ्हाइतांना काम मिळाले, याहून किफायतशीर गुन्हा कोणता?

शंकेखोर म्हणतील की तिऱ्हाइतांनी तोंड उघडले नाही तर समाज चालेल कसा. हरकत रास्त आहे. फेर आणि सायमन गेख्टर यांच्या प्रयोगांत शिक्षेची सोय काढली की सामाईक निधीतली वर्गणी घसरत गेली आणि सोय दिली की टिकली. पण गेख्टर यांच्याच पुढच्या, 2008 च्या, 16 शहरांतल्या प्रयोगात काही ठिकाणी लोकांनी जास्त वर्गणी देणाऱ्यालाही दंड ठोकला. शिक्षेचे हत्यार नियम राखते खरे, पण कोणता नियम, ते त्या हत्याराला कळत नाही. दुसरी हरकत अशी की माणूस कोणी बघत नसतानाही संतापतो, म्हणजे राग अस्सल आहे. आहेच. रॉबर्ट कुर्झबन यांच्या 2007 च्या प्रयोगांत नाव गुप्त राहणार असतानाही काही जणांनी शिक्षा केली. मात्र ती कोणाला तरी कळणार म्हटल्यावर रक्कम ठळक वाढली. राग मनातून येतो, त्याचे आकारमान प्रेक्षक ठरवतात. म्हणून तलावावर पहाटे चारला जाऊ नये.

शेवटी खबरदारी. एकट्याने ओरडणे कायद्यात बसते. पण चार तिऱ्हाईत मिळून पंच बनले आणि छत्तीसगढी रिवाजाने एखाद्या घराचे हुक्का-पाणी बंद केले, की मामला बदलतो. वाळीत टाकलेल्या घराला लग्नाचे आमंत्रण जात नाही, मयताला खांदा मिळत नाही, आणि सामील होणाऱ्या प्रत्येकाचा खर्च जवळपास शून्य असतो. महाराष्ट्राने यावर वेगळा कायदा केला. तो जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. छत्तीसगढातही 2016 मध्ये अशा कायद्याचा मसुदा निघाला, वेगवेगळ्या समाजांच्या संघटनांनी हरकती घेतल्या आणि मसुदा मसुदाच राहिला. बूढापाऱ्यातल्या होतकरू पंचांनी नागपूरला बदली मागण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.