जोडमाहितीचे उपाध्याय

संगणकाच्या व्यवहारात अलीकडे जी परोपकारी मंडळी उदयास आली आहेत, त्यांत जोडमाहितीचे उपाध्याय हे सर्वांत निरिच्छ आणि म्हणूनच सर्वांत भयप्रद होत. दक्षिणेची त्यांस अपेक्षा नसते. कोणा नवशिक्याने आपल्या लॅपटॉपवर जोडमाहितीचा (लिंक्ड डेटाचा) साठा उभारण्याची नुसती इच्छा बोलून दाखविण्याचा अवकाश, की हे गृहस्थ रविवारी सकाळी, पाठीवर पिशवी आणि मुखी टिम बर्नर्स-ली यांचे २००६ सालचे चार नियम घेऊन, दारात हजर!

आमच्या शेजारच्या मास्तरांची मागणी माफक होती : निवृत्तीनंतर पाहिलेल्या किल्ल्यांची यादी. उपाध्यायांनी जेना फ्यूसेकी हा सर्व्हर उतरवून घेतला. तो जावावाचून चालत नाही, आणि मास्तरांच्या यंत्रावरील जावा इतकी जुनी निघाली, की तिची उत्तरक्रिया करून नवीची स्थापना करण्यातच सकाळ सरली. अखेर ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि त्यापुढे ३०३० हा आकडा घालताच पान उमटले.

प्रत्येक माहिती कर्ता, गुणधर्म आणि मूल्य अशा त्रिकुटात मांडावयाची, शिवनेरीस वेबपत्त्यासारखे स्वतंत्र नाव द्यावयाचे, इथवर मास्तर निमूटपणे आले. परंतु शिवनेरी हा किल्ला आहे, असे ते लिहू लागताच उपाध्यायांनी त्यांचा हात धरला. “किल्ला हा वर्ग. मग गिरिदुर्ग हा त्याचा उपवर्ग करायचा की नाही, ते आधी ठरवा.” जेवणाची वेळ या वादात टळली. माझ्या मते या जमातीला सर्व्हरपेक्षा हा वादच अधिक प्रिय असतो. सर्व्हर केवळ निमित्त.

फाइल चढविताच लाल अक्षरे झळकली. ही त्रिकुटे लिहिण्याच्या टर्टल पद्धतीत प्रत्येक विधान टिंबाने संपावे लागते; आणि ज्यांची उभी हयात मुलांच्या वह्यांतले पूर्णविराम शोधण्यात गेली, त्यांना “मास्तर, पूर्णविराम राहिला!” हे शब्द त्यांच्याच घरात, कुटुंबासमक्ष ऐकावे लागले.

रात्री मास्तरांनी सर्व्हर जिच्यात चालू होता ती काळी खिडकी बंद केली आणि सारे दप्तर बिनबोभाट नाहीसे झाले, कारण साठा केवळ मेमरीत होता. टिकाऊ साठ्याचा पर्याय त्याच पानावर असतो. उपाध्याय तो पहिल्या दिवशी मुद्दाम दाखवीत नाहीत. “एकदा गेल्याशिवाय कळत नाही,” हे त्यांचे अध्यापनशास्त्र.

पुढल्या रविवारी तीच यादी टीडीबी-२ च्या टिकाऊ साठ्यात चढली, स्पार्कल या प्रश्नभाषेत प्रश्न विचारला गेला, आणि शिवनेरी, राजगड, तोरणा ओळीने पडद्यावर आले.

“एक्सेलमध्ये एवढं दहा मिनिटांत झालं असतं,” मास्तर म्हणाले.

उपाध्याय रागावले नाहीत. “पण हा शिवनेरी म्हणजे विकिडेटावरचाच शिवनेरी, हे तुमच्या एक्सेलला ठाऊक आहे का?”

“नसेल. मला आहे ना!”

हे उत्तर ऐकून न ऐकल्यासारखे करून उपाध्याय दोन्ही शिवनेरी एकच असे सांगणारी ‘सेमॲज’ची ओळ टंकू लागले, आणि मास्तर चष्मा सावरून तिच्या शेवटी टिंब पडते की नाही, यावर नजर ठेवून बसले.