लोहपुरुषाची दक्षिणा

कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून पायी निघाले ते पैसे मिळवायला. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा घसघशीत मिळणार, अशी वार्ता होती. वाटेत बंड पेटलं. भटजी आमच्या झाशीत अडकले, वेढा पाहिला, लूट पाहिली, स्वतः लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. 'माझा प्रवास'मध्ये हे सगळं आहे. एवढ्या पायपिटीत त्यांनी कुणाला नोंदणी शुल्क भरल्याचा उल्लेख मात्र नाही. लुटारूंनी नेलं ते नेलं, पण आधी अटी व शर्ती मान्य करून घेऊन नव्हे.

पावणेदोनशे वर्षांत हिशेब फिरला. पूर्वी लांबून आलेल्याला लोक दक्षिणा देत. आता लांब जाणारा स्वतः दक्षिणा देतो, दिवसभर पोहतो, सायकल हाणतो, पळतो, आणि जिथून निघाला तिथेच परत येतो.

झाशीच्या प्रेमनगरात हे खूळ माझ्या भाच्याने आणलं. मुलगा सरळमार्गी, बँकेत नोकरी, घराचा हप्ता चालू, दोनपैकी एक गुडघा उत्तम. मिलिंद सोमणने २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला आयर्नमॅन पूर्ण केला, तेव्हापासून मराठी मध्यमवयाची झोप उडाली आहे. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं. सोमणला पंधरा तासांच्या वर लागले. पुण्या-कोल्हापुरात डॉक्टर, बिल्डर, पोलीस अधिकारी सगळे या नादी लागले. झाशीतली मराठी माणसं तशी मुलखाच्या कडेला पडलेली, आमच्याकडे साथ उशिरा पोचते. पण पोचते.

पूर्ण आयर्नमॅन आपल्या देशात होत नाही. अर्धा होतो. २० ऑक्टोबर २०१९ ला गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिला झाला. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. अंतर बरोबर निम्मं, फी मात्र पाच आकडी. पूर्ण लोहपुरुष व्हायचं तर परदेश गाठायचा: युरोपात सहा-सातशे युरो, अमेरिकेत आठशे डॉलरच्या पुढे. हवाईतल्या जागतिक स्पर्धेला हजार डॉलरच्या वर पडतात, आणि तिथे आधी पात्र ठरावं लागतं. पात्र ठरलात म्हणून सूट मिळेल असं वाटत असेल तर तुम्ही अजून लोखंडाचे झालेला नाहीत.

फी एकच नसते, हे मला भाच्याने समजावलं. ती टप्प्याटप्प्याने चढते. पहिल्या इतक्या जागा या दराने, पुढच्या त्या दराने, आळशी माणसाला सगळ्यात महाग. म्हणजे जो आधीच पळून पोचला त्याला स्वस्त, आणि ज्याला पळायची खरी गरज आहे त्याला दंड. वर प्रक्रिया शुल्क. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेण्याचे कष्ट त्यांना पडतात, त्याचे पैसे. परदेशी स्पर्धा असेल तर कार्डावर परकीय चलनाची कात्री. शेवटी एक चौकट, तिच्यात खूण करायची, की मी बुडालो, पडलो किंवा मेलो तर आयोजकांचा काही संबंध नाही. ही सेवा तेवढी मोफत आहे.

माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिने एकच विचारलं, "पहिला आलास तर काय देतात रे?"

"पदक."

"आणि शेवटचा आलास तर?"

"तेच पदक, आई. मुदतीत पूर्ण केलं की सगळ्यांना."

ताईने चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं पोरांना नापास करण्यात आपण उगाच पाप घेतलं असं तिला वाटलं असावं.

भाच्याने गोव्याच्या अर्ध्या स्पर्धेत नाव घातलं, त्याच्या प्रवासाचा खर्च वेगळा. गोवा एक्सप्रेस झाशीला थांबते ही आमची पिढीजात सोय. पण भाच्याच्या सायकलची किंमत त्याच्या वडिलांच्या पहिल्या स्कूटरच्या कित्येक पट, तिला पार्सलच्या डब्यात कोण टाकेल? तिची चाकं काढली, तिला रजईत गुंडाळलं आणि कन्फर्म झालेल्या खालच्या बर्थवर झोपवलं. भाचा वास्कोपर्यंत तिच्या पायथ्याशी बसून गेला. भुसावळला एका आजींनी आजाऱ्याला काय झालंय म्हणून विचारलं आणि एक संत्रं दिलं.

आता हे सगळं महाग का? मी जुना इतिहास काढून पाहिला. १९७८ साली हवाईत जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलाच्या अधिकाऱ्याने ही स्पर्धा सुरू केली, ती मुळात एका वादातून. जास्त दमाचा कोण, पोहणारा की पळणारा की सायकलवाला, एवढाच प्रश्न होता. पंधरा जण उतरले, बारा पोचले. पाणी द्यायला, खायला घालायला ज्याने त्याने आपापली माणसं आणायची. दुसऱ्या आलेल्या गड्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. चषक कॉलिन्सने स्वतः नळाचे तुकडे जोडून बनवले, डोक्याच्या जागी नट बसवला. आमच्या रेल्वे कारखान्यातल्या कुठल्याही फिटरने जेवणाच्या सुट्टीत केला असता असा चषक.

मग त्या नटाला भाव आला. १९९० साली हा सगळा संसार तीस लाख डॉलरला विकला गेला. २०१५ साली चीनच्या वांडा कंपनीने तो ६५ कोटी डॉलरला घेतला. २०२० साली अमेरिकेच्या अॅडव्हान्सने ७३ कोटींना. तीस वर्षांत अडीचशे पटींच्या आसपास. समुद्र तोच, रस्ता तोच, घाम तोच आणि तोही गिऱ्हाइकाचाच. घेणाऱ्याला घातलेला पैसा काढायचा असतो, आणि तो काढायला गिऱ्हाईक स्वतः पोहत येतं. असा धंदा आमच्या सदर बाजारात कुणाला सुचला नाही याचं वाईट वाटतं.

मधल्या काळात दोन प्रयोगही झाले. २०१० साली कंपनीने वर्षाला हजार डॉलरची खास वर्गणी काढली: ती भरा आणि नोंदणीच्या रांगेत पुढे या. दर्शनाच्या पासाची ही कल्पना आपल्याला अगदी घरची, पण तिकडच्या भाविकांनी इतका आरडाओरडा केला की योजना लगेच मागे घ्यावी लागली. अमेरिकन माणूस देवळात न गेल्याचे हे परिणाम. दुसरा प्रयोग सोडतीचा. पन्नास डॉलर भरा, चिठ्ठी निघाली तर हवाईला पळायला मिळेल. सरकारी वकिलांनी २०१५ साली सांगितलं की पैसे घ्यायचे, नशिबावर सोडायचं आणि बक्षीस द्यायचं, याला कायद्यात जुगार म्हणतात. कंपनीला सत्तावीस लाखांहून जास्त डॉलर सोडून द्यावे लागले. बक्षीस काय, तर आणखी पैसे भरून दिवसभर दमण्याचा हक्क. मटक्यात इतकं वाईट बक्षीस कुणी ठेवलेलं नाही.

भाचा गोव्याहून पदक घेऊन आला आणि आमच्या गच्चीवर डॉक्टर, निवृत्त गार्डसाहेब, सीए आणि कोचिंग क्लासवाले अशा शेजाऱ्यांची बैठक बसली. झाशीचीच स्वस्त, साधी, १९७८ सारखी स्पर्धा काढायची. फी एक्कावन्न रुपये. मार्ग मिनिटभरात ठरला: बेतवेवर परीछाच्या बंधाऱ्यात पोहायचं, शेजारी औष्णिक वीज केंद्र आहेच, लोखंड तापवायची सोय. तिथून सायकलने चिरगाव, मोठ, उरई करत काल्पी, आणि आकडा भरेपर्यंत मागे. एप्रिल १८५८ मध्ये राणीसाहेब किल्ल्यातून निघाल्या त्या काल्पीलाच पोचल्या, पाठीवर मूल बांधून. यावर डॉक्टर म्हणाले की आजच्या नियमांत बाहेरच्या कुणाची साथ चालत नाही आणि पाठीवर वजन असेल तर आधी लेखी कळवावं लागतं. डॉक्टरांना चहा मिळाला नाही.

पण मग खर्च सुरू झाला, आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की आयोजक सगळेच चोर नसतात. गार्डसाहेब म्हणाले, पाण्यात होड्या आणि जीवरक्षक नकोत का? हवेत. डॉक्टर म्हणाले, रुग्णवाहिका एक नाही, तीन. कानपूरच्या महामार्गावर ट्रक कोण थांबवणार? पोलीस, आणि पोलिसांची परवानगी, आणि परवानगीची परवानगी. घोट्याला बांधायची वेळेची चिप लागते, ती भाड्याने मिळते. एवढ्यात फी दोन हजारांवर गेली आणि मला ती योग्यही वाटली. माणूस मरू नये याचे पैसे लागतात, ते घ्यावेत.

पुढचे पैसे मात्र माणूस जगला हे दाखवण्याचे होते. पदक जड हवं. टीशर्ट दोन हवेत, एक पळायला, एक ऑफिसात घालायला. कमान हवी, कमानीवर ड्रोन हवा. कोचिंग क्लासवाले म्हणाले, आदल्या रात्री मेजवानी हवी आणि तिथे प्रेरणादायी भाषण हवं. वक्ता कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी घसा साफ केला. सीए म्हणाले, आता जीएसटी. पाणी वाटायला कॉलेजची मुलं फुकट मिळतील यावर एकमत झालं. पाणी देणारा फुकट आणि पाणी पिणारा पैसे भरून, हा या खेळाचा मूळ पाया आहे असं भाच्याने सांगितलं.

रात्री अकराला फी पाच आकड्यांत शिरली तेव्हा खाली मैदानावरून पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुलं गच्चीवर आली, पाणी मागायला. ही मुलं पहाटेही पळतात, रात्रीही पळतात. पोलीस शिपाई व्हायला इथे पुरुषांना ४.८ किलोमीटर पंचवीस मिनिटांत काढावे लागतात. भाचा त्या वेगाने फक्त जिना उतरताना गेला आहे. त्यांच्या अर्जाची फी चारशे रुपये होती. ६०,२४४ जागांना ४८ लाखांच्या वर अर्ज गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली, पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. तिथे दराचे टप्पे नाहीत, परीक्षेचे आहेत.

मुलांनी फळ्यावरचा आमचा हिशेब वाचला. एकाने फार अदबीने विचारलं, "चाचाजी, ये पूरा करने पर नौकरी किस विभाग में लगती है?"

सीएंनी त्याला पाण्याची बाटली दिली.

तरी मी म्हटलं, मूळ ठरावाप्रमाणे एक्कावन्न रुपयांत आठवडाभर नोंदणी घेऊन तर पाहू. घेतली. आठवड्यात एक नाव आलं. गार्डसाहेबांच्या सौभाग्यवतींचं, त्यांना ती भंडाऱ्याची वर्गणी वाटली होती. भाच्याच्या बँकेतल्या मित्रांनी स्पष्ट सांगितलं की एक्कावन्न रुपयांच्या स्पर्धेचा फोटो टाकता येत नाही, लोक विचारतात तब्येत बरी आहे ना. मग समितीने ड्रोन, जड पदक आणि प्रेरणादायी भाषणासकट नवा दर लावला, खाली बारीक अक्षरांत 'मर्यादित जागा' लिहिलं, आणि पहिला टप्पा संध्याकाळपर्यंत संपला. भाच्याने स्वतःची फीसुद्धा भरली. तो समितीचा सचिव आहे, त्याला फुकट मिळत होतं, पण फुकट धावलो असं कुठे सांगणार, असं तो म्हणाला.

गार्डसाहेबांच्या घरच्या वहिनी आपले एक्कावन्न रुपये परत मागत आहेत. अटी व शर्तींप्रमाणे परतावा नाही, परंतु त्यांना पुढच्या वर्षीच्या नोंदणीत एक्कावन्न रुपयांची सवलत देण्यात येईल.

परीछाच्या बंधाऱ्यावर पोहण्याची परवानगी अजून आलेली नाही. स्पर्धेची तारीखही ठरायची आहे. दुसऱ्या टप्प्याचे वाढीव दर सोमवारपासून लागू आहेत.