तांबड्या अक्षराची बेअब्रू

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील तिसऱ्या नियमाचा मसुदा ज्या विधिज्ञाने केला, त्याने आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातून कधी वाहन हाकलेले नसावे. एरवी शिकाऊ इसमाने वाहनाच्या पुढे व मागे, 18 सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर, 10 सेंटिमीटर उंच व 2 सेंटिमीटर जाड असे तांबडे ‘एल’ अक्षर लावावे, हे फर्मान त्याने इतक्या निःशंकपणे काढले नसते. निजामाची फर्माने 1948 पर्यंत ऐकलेल्या या मुलखालाही हे एक अंमळ जडच जाते.

मुळात जागा कोठून आणावी? आमच्याकडील चारचाकीच्या मागील काचेवर कुलदैवत, धाकट्या नातवाचे नाव, ‘आईवडिलांची पुण्याई’ आणि विद्यमान नेत्याची छबी एवढा ऐवज आधीच दाखल असतो. त्या पुण्याईच्या पंक्तीस आपले अज्ञान स्वहस्ते चिकटविणे कोणत्या अब्रूदार गृहस्थास रुचेल?

आमच्या शेजारच्या तात्यांनी हळदीची पट्टी हाती येताच गाडी घेतली आणि त्यांच्या कायदेभीरू चिरंजीवाने शिकाऊ परवान्याबरोबरच दोन्ही पाट्या करवून आणल्या, तेव्हा तात्यांनी ओट्यावरूनच हरकत नोंदविली. “काढ बरं ते! उद्या पाव्हणे पोरगी द्यायला यायलेत, अन् गाडीच सांगायली का नवरदेवाला काही येत नाही म्हणून!” तडजोडीअंती पुढची पाटी लिंबू-मिरचीच्या आड गेली, मागची डिकीत, पान्याशेजारी, जी पडली ती हिंगोलीस परिवहन कार्यालयाच्या फाटकाबाहेरच प्रकट होत असे.

शेजारी परवानाधारक उस्ताद हवा आणि त्याने वाहन थांबविता येईल अशा जागी बसावे, हेही कलम त्याच नियमात आहे. दुचाकीवर मागे बसलेल्या मामाच्या हाती आरोळीखेरीज कोणते नियंत्रण असते, याचा खुलासा मात्र नियमकर्त्याने केलेला नाही.

आणि हा सारा संकोच किती दिवसांचा? शिकाऊ परवान्याचे 30 दिवस लोटल्यावर चाचणी देता येते; ती उतरली की त्याच सायंकाळी मनुष्य निष्णात ठरतो व पाटी उतरते. जपानात 1972 पासून उलट रिवाज आहे: पक्का परवाना मिळाल्यानंतरही वर्षभर मोटारीवर हिरव्या-पिवळ्या पानाचे चिन्ह मिरवावे लागते. हे मी तात्यांना सविस्तर निवेदन केले. त्यांनी अडकित्ता थांबविला, क्षणभर विचार केला आणि अत्यंत गांभीर्याने पृच्छा केली, “मग तिकडं लग्नं कशी जमायलीत?”