याच्यात कथा आहे

आमच्या सोसायटीतले अण्णा कथा लिहितात. कुणी काहीही सांगू लागलं की त्यांची मान जराशी तिरकी होते आणि ते पुटपुटतात, “याच्यात कथा आहे बरं का.” जावयाने न विचारता स्कूटर विकली, याच्यात कथा. वॉचमनला पहिल्यांदाच मनीऑर्डर आली, त्यातही कथा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या दहाव्याला आम्ही सगळे कावळ्याची वाट बघत ताटकळलो होतो, तर हे थोरल्या सुनेला हळूच विचारताहेत, “शेवटी काय मागितलं होतं हो त्यांनी खायला?” शिरा मागितला होता, साखर बंद म्हणून दिला नव्हता. दिवाळीत तो शिरा छापून आला. सून वाचून रडली, “अगदी खरं लिहिता हो,” म्हणाली. ज्यांचा काही संबंध नव्हता ते तळमजल्यावरचे गृहस्थ मात्र त्यातला कंजूष मुलगा आपणच, असं धरून अजून अबोला राखून आहेत.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथाकाराचं पंचांगच बदललं. अण्णांची दिवाळी आषाढात, संपादकांच्या पत्राबरोबर सुरू होते. गणपतीपर्यंत कथा हवी असते. लिहायला पाठकोरे कागदच लागतात, कोऱ्यावर म्हणे हात चालत नाही. त्यामुळे काकूंचा शुगरचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे उलटा ठेवला गेला, तेव्हा मागे नायिका माहेरी निघून गेलेली होती. मानधन शिमग्याच्या सुमारास येतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

थोडी ऐटही आहे. मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा डॉक्टरांनी काढायला सांगूनही उतरेना. “जी. ए. घालायचे,” म्हणाले. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहून माणसं टाळायचे. अण्णांना जिन्यात माणूस भेटला नाही तर करमत नाही.

एकदा जेवायची वेळ टळली तरी हे खुर्चीतून उठेनात. काकूंनी विचारलं तर म्हणाले, “सुमन गेली.” काकूंच्या हातातला डाव खाली पडला. अकोल्याची त्यांची मावसबहीण सुमनच.

“कोण सुमन?”

“कथेतली.”

“मग जिवंत करा तिला आणि जेवायला या. आमटी निवतेय.”

“ते आता माझ्या हातात नाही गं.”

काकूंनी हे मला हसत हसत सांगितलं, आणि मग हसणं थांबवून आणखी एक सांगितलं. अण्णांचा सख्खा भाऊ गेला तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. नातेवाइकांनी नावं ठेवली. पुढे कितीतरी वर्षांनी एका स्टेशनमास्तरचा भाऊ कथेत वारला, तेव्हा मात्र शाई फुटून पान वाया जाईपर्यंत रडले. काकूंनी ते पान ठेवलंय, दागिन्यांच्या डब्याखाली. छापील कथेत भावाच्या मरणाला जेमतेम दीड ओळ आहे. मी मुद्दाम काढून पाहिली. ती दीड ओळ अण्णांच्या बाकी सगळ्या लिखाणापेक्षा सरस आहे, असं माझं मत आहे. त्यांना सांगितलेलं नाही.

असा कुणी तुमच्याही जिन्यात राहत असेल, तर त्याच्यापुढे सासूबद्दल बोलू नका. बोललातच, तर तिला साडीचा रंग तरी बरा द्या. छापून येणार आहे.