जूनपर्यंतचा माणूस

सोलापूरचा उन्हाळा हा मुळात आडवं पडण्याचा ऋतू आहे. पारा ४३-४४ ला पोचला की दुपारी कुत्रीसुद्धा रिक्षाखालून बाहेर येत नाहीत. नेमक्या याच दिवसांत कॉलेज सुट्टी देतं आणि वडील म्हणतात, "लोळत पडण्यापेक्षा कुठंतरी कामाला लाग." बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मी लोळायला नुकतीच सुरुवात केली होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब पोरांसाठी 'कमवा आणि शिका' योजना काढली. पण ती चालते कॉलेज चालू असताना. सुट्टीत शिकणं बंद, म्हणून कमावणंही बंद. कॉलेजच्या शिपायानं मला हे तत्त्व गेटला कुलूप घालता घालता समजावून सांगितलं.

काम शोधायचं कसं, हा प्रश्नच आजोबांना कळेना. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये 'बदली' म्हणून लागले होते. भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं; कायमचा कामगार आला नाही की जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवायचा, तो आत.

"अनुभव नाही विचारला?"

"दंड बघितले."

आता 'जुनी मिल' गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. असत्या तरी माझे दंड बघून जॉबरनं बोट दुसरीकडंच वळवलं असतं.

सुरुवात नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानापासून केली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती इथलीच असावी लागते. विकणारा पोरगाही इथलाच आहे, तेवढं पुरेल असं मला वाटलं. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला उघडून दाखव बघू." चादर एका झटक्यात अशी उघडायची असते, की तिच्यावरचा मोर बरोबर गिऱ्हाइकासमोर उतरतो. मी झटका दिला. मालक, गल्ला आणि सिद्धेश्वर महाराजांचा फोटो असे तिघंही पांघरुणात गेले. आतून आवाज आला, "अनुभव नाही वाटतं?"

मग लग्नसराई. वाढपी व्हायला अनुभव कसला लागतो? केटररनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मठ्ठा कुणाला विचारायचा आणि जिलेबी कुणाला विचारायची नाही, एवढं कळायलाच दोन सीझन जातात." माझ्याकडं जेमतेम एकच सीझन होता, तोही अर्धा.

शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या मित्राच्या घरी गेलो, तर त्याची आई विड्या वळत बसलेली. तिला गल्लीत सगळे अक्का म्हणतात. मी सहज म्हणालो, "मला शिकवा की." अक्कांनी पान दिलं, तंबाखू दिली. मजुरी हजार विड्यांवर ठरते. टीव्हीवरच्या मालिकेवरची नजर न काढता अक्कांचं बंडल बांधून झालं, तोवर माझी एक विडी झाली होती, तीही मध्येच उलगडत होती. अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मित्रानं भाषांतर करायला नकार दिला.

एवढं फिरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. 'अनुभव आहे का?' हा प्रश्न म्हणजे नुसती दाराची कडी. आतला खरा प्रश्न नंतर येतो: "कॉलेज कधी सुरू?" मी प्रामाणिकपणे "जूनमध्ये" म्हणालो, की समोरच्याचा चेहरा लग्नाच्या बोलणीत पत्रिका न जुळल्यासारखा व्हायचा. त्यांचंही खरंच होतं. महिनाभर शिकवायचं आणि हाताशी आला की पोरगा पळायचा. एका कारखान्यात मी धीर करून उचल मागितली. मालक हसले, "उचल घेतो तो टिकावा म्हणून देतो आम्ही. तुला देऊन मी काय करू, कॉलेजात येऊन वसूल करू?"

शेवटी मावशीच्या ओळखीनं शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात गेलो. सोलापुरातून गणवेश कुठकुठं जातात, हे गठ्ठ्यांवरचे पत्ते वाचून मला कळलं. भूगोलात कळलं नव्हतं. मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. "जूनपर्यंतच? मग बस. धागे तोड."

तिथं मी शिवलेल्या शर्टांचे सुटे धागे तोडले, बटणं तपासली, बावीस, चोवीस, सव्वीस असे साइज लावले. तिथले शिंपी मास्तर तेलुगूत मोजायचे. मीही ओकटी, रेंडू, मूडू शिकलो, पण नालुगूच्या पुढं माझे डझन भरेनात. बॅलन्सशीट जुळवणाऱ्या माणसाच्या हातात अकरा हाफ पँटी उरतात, तेव्हा विद्यापीठाबद्दल शंका येते. मास्तर म्हणायचे, "काय बे, बी.कॉम. आहेस ना?" त्यात टोमणा कमी आणि काळजी जास्त असायची.

पण मालकांनी मला का ठेवलं, ते जूनमध्ये समजलं. शाळा उघडल्या की गणवेशाची घाई संपते, वरकड माणसं आपोआप कमी होतात. बाकी सगळ्या गावाला माझा जून अडचणीचा होता, यांना तो सोयीचा होता. मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा तेही मला निरोप द्यायलाच निघाले होते. कुणी कुणाला सोडलं, यावर वाद नको म्हणून दोघांनी चहा घेतला.

हिशेबाच्या पाकिटाबरोबर त्यांनी एक उरलेला शर्टही दिला, साइज अडतीस. "पुढच्या वर्षी ये," म्हणाले, "आता तुला अनुभव आहे." पुढच्या वर्षी माझं कॉलेजच संपणार होतं, आणि मग मी जूनपर्यंतचा राहणार नव्हतो. हे ऐकल्यावर मालक पहिल्यांदाच गंभीर झाले. "मग अवघड आहे," ते म्हणाले. "कायमचा माणूस ठेवायचा, तर अनुभव बघावा लागतो."