शतावरीची गोरी चुलतबहीण

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही हायडेलबर्गला गेलो तेव्हा सामानात डिंक, अळीव, खारीक आणि शतावरी कल्पाचे चार डबे होते. बाळ एप्रिलच्या शेवटी झालं. मेच्या पहिल्या शनिवारी जावई आम्हाला बाजारात घेऊन गेले आणि पांढऱ्याफटक कांड्यांच्या राशीकडे बोट दाखवून म्हणाले, "आई, ही अ‍ॅस्पॅरगस. शतावरीच्याच कुळातली." सौ.नं राशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डब्यांची बॅग कोणी ओढली होती, ते दोघांनाही आठवलं.

तिकडे तिला श्पार्गेल म्हणतात. आपण शतावरीची मुळी औषधाला वापरतो, ते हिचे कोंब खातात. कोकणात पावसाच्या तोंडावर रानातल्या शतावरीचे कोवळे कोंब खाणारे आहेतच, पण इथे सगळा देशच एप्रिलच्या मध्यापासून या भाजीच्या मागे लागतो. शेजारच्या श्वेट्सिंगेन गावात तर श्पार्गेलवालीचा पुतळा उभारलाय. गोरा रंग जन्मजात नव्हे. वर मातीचे वरंबे चढवून कोंबाला उजेड लागू देत नाहीत, म्हणून तो पांढरा राहतो. उन्हात वाढू दिला तर हिरवा. सौ. म्हणाली, "म्हणजे बाळंतिणीसारखंच. वारा लागू द्यायचा नाही."

पहिल्या दिवशी तिनं शेवग्याच्या शेंगा समजून त्या कांड्यांची आमटी केली. पांढरीची साल काढायची असते, हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं बराच वेळ चघळत बसलो. जावयांनी चोथा ताटाच्या कडेला इतक्या अदबीनं ठेवला, की मला त्यांचं कौतुक वाटलं.

मग शेजारच्या जर्मन आजींनी शिकवणी घेतली. शेंड्याच्या जरा खालपासून बुडापर्यंत सोलायचं, बुडखा उडवायचा. साली आणि बुडखे पाण्यात उकळायचे, त्यात मीठ, चिमूट साखर, लोण्याचा गोळा. ते गाळून त्याच पाण्यात कांड्या बारा-पंधरा मिनिटं. सोबत उकडलेले बटाटे आणि पातळ केलेलं लोणी. हॉलंडेझ नावाचा अंड्याच्या बलकाचा सॉसही करतात. तो आमच्याकडे दोनदा फाटला, तिसऱ्यांदा कोणी आग्रह धरला नाही. ताजी कांडी ओळखायची तर दोन कांड्या एकमेकींवर घासायच्या, चूंऽऽ असा आवाज यायला हवा. भेंडीची शेपटं मोडून बघण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या सौ.ला ही परीक्षा फार आवडली. दुकानदाराला तितकीशी नाही.

हिरवीला एवढे सोपस्कार नाहीत. तवा चांगला तापवून तेल, लसूण, चार-पाच मिनिटं, झालं. घाईचं काम असलं की सम्राट ऑगस्टस 'अ‍ॅस्पॅरगस शिजायच्या आत' म्हणायचा, असं स्वेटोनियसनं लिहून ठेवलंय. आमच्या घरी तो उपाशीच राहिला असता. भाजी बोटानं चेपली गेल्याशिवाय सौ. गॅस बंद करत नाही. तरी माझं मत नोंदवतो: हिरवी फरसबीसारखी तिरकी चिरून, मोहरी-हिंगाच्या फोडणीत, शेंडे अगदी शेवटी, वर ओलं खोबरं. बाकी सगळं पाहुण्यांसाठी.

सालींचं पाणी फेकणं सौ.ला जमेना. तिनं त्यात ताक आणि बेसन घालून तूप-जिऱ्याची कढी केली. आजी वाटी घेऊन आल्या, मग पातेली घेऊन.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. जेवणानंतर तासाभरात न्हाणीघरात असा वास आला, की मी मूत्रपिंडं गेली असं धरून चाललो. जावई म्हणाले, भाजीतल्या गंधकाचा प्रताप आहे, आणि काहींना तो वास येतच नाही. सौ. त्या काहींतली. तिच्या मते मला परदेशात एखादं दुखणं हवंच होतं.

२४ जूनला, संत योहानच्या दिवशी, तोडणी थांबते. उरलेले कोंब वाढू देतात, त्यांना बडीशेपेसारखा झुपका येतो आणि झाड पुढच्या वर्षासाठी ताकद धरतं. "सव्वा महिना तरी हवाच," सौ. म्हणाली.

निघताना कल्पाचा एक डबा उरला, तो आजींना दिला. त्यांनी दुधात दोन चमचे घालून चाखून पाहिलं आणि जावयांना काहीतरी विचारलं. श्पार्गेलची चव यात कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सांगा त्यांना," सौ. म्हणाली, "ती वेलचीची आहे."